स्टॅट्स-मॅथ्सची डिग्री हातात आली, आता पहिली नोकरी कुठून आणि कशी शोधायची

जून-जुलैत निकाल लागले की मला ज्युनिअर्सचे मेसेज यायला लागतात आणि नव्वद टक्के मेसेज एकाच छापाचे असतात, ताई एम.एस्सी. स्टॅट झालं, मार्क चांगले आहेत, डेटा सायंटिस्टच्या चाळीस-पन्नास पोस्टला अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही, माझं काय चुकतंय. मी स्वतः कराडकडच्या एका कॉलेजातून बी.एस्सी. करून पुण्यात एम.एस्सी.ला आले, पहिली नोकरी लागायला मला साडेसात महिने लागले आणि त्यातले निदान पाच महिने मी नेमकं हेच करत होते, म्हणून तो मेसेज वाचला की आतून हलायला होतं. आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, तर दोन्हीकडून जे दिसलं ते क्रमाने लिहितेय. स्टॅट्स, मॅथ्स, इकॉनॉमेट्रिक्सवालं इकॉनॉमिक्स, यांपैकी काहीही केलं असेल तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचं शिक्षण कामाचं आहे, फक्त त्या कामाला बाजारात आठ-दहा वेगवेगळी नावं आहेत, आणि "डेटा सायंटिस्ट" हे नाव फ्रेशरला क्वचित मिळतं कारण तिथे साधारणपणे दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. त्यामुळे पन्नास अर्ज गेले असं वाटतं पण खरं तर एकाच बंद दारावर पन्नास वेळा टकटक केलेली असते.

पायरी १: दार ठरवा

बँका आणि फायनान्स कंपन्या. इथे रिस्क ॲनालिस्ट, क्रेडिट ॲनालिटिक्स, पोर्टफोलिओ ॲनालिस्ट, फ्रॉड ॲनालिटिक्स, एमआयएस एक्झिक्युटिव्ह अशा नावाने शोधा. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणारं जे स्कोअरकार्ड असतं त्याच्या पोटात बहुतेक वेळा लॉजिस्टिक रिग्रेशनच असतं, म्हणजे जे तुम्ही अभ्यासक्रमात शिकलात तेच. एमआयएसबद्दल मुलं नाक मुरडतात, की काय नुसते एक्सेलचे रिपोर्ट, पण माझं मत वेगळं आहे. इंटरव्ह्यूमध्ये एवढंच विचारा की डेटाबेसचा ॲक्सेस मिळणार का, क्वेरी (डेटाबेसमधून डेटा मागवायची सूचना) मी स्वतः लिहिणार का तयार शीट येणार. क्वेरी लिहायला मिळत असेल तर घ्या, वर्षभरात त्याच कंपनीत ॲनालिटिक्स टीमकडे सरकता येतं. तयार शीटमध्ये आकडे भरायचे असतील तर तिथे रुळू नका.

औषध कंपन्या आणि क्लिनिकल ट्रायल्स. पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू इथे हे काम भरपूर आहे आणि आपल्याकडच्या गावाकडच्या कॉलेजातल्या मुलांना याचा पत्ताच नसतो याचं मला फार वाईट वाटतं. पोस्टचं नाव स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर, क्लिनिकल सॅस प्रोग्रॅमर किंवा बायोस्टॅटिस्टिशियन. ट्रायलमधून आलेला पेशंटचा डेटा आधी एसडीटीएम नावाच्या ठरलेल्या साच्यात बसवायचा, त्यातून ॲनालिसिससाठी ॲडॅम डेटासेट बनवायचे, आणि शेवटी टेबल, लिस्टिंग, फिगर काढायच्या, हे रोजचं काम. अजून बऱ्याच ठिकाणी सॅस हे सॉफ्टवेअर वापरतात, आर ही भाषा हळूहळू शिरतेय. सॅस महाग असतं म्हणून क्लासला हजारो रुपये भरणारे आहेत, त्याआधी सॅस ऑनडिमांड फॉर ॲकॅडेमिक्स बघा, ते ब्राउझरमध्ये चालतं आणि शिकणाऱ्यांना फुकट आहे. बायोस्टॅटिस्टिशियनला बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. लागतं, प्रोग्रॅमरला बी.एस्सी.वरही संधी मिळते.

ॲक्च्युअरी. विमा आणि पेन्शनचं गणित. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसेट नावाची प्रवेश परीक्षा आहे, ती पास झालात की पुढचे पेपर देता येतात. सीएस१ हा पेपर म्हणजे जवळपास आपलाच सिलॅबस, एस्टिमेशन, हायपोथेसिस टेस्टिंग, रिग्रेशन, आणि त्याचा एक भाग कॉम्प्युटरवर आरमध्ये सोडवावा लागतो. पण पूर्ण ॲक्च्युअरी व्हायला अनेक वर्षं जातात आणि प्रत्येक पेपरची फी असते, त्यामुळे एक-दोन पेपर पास करून विमा कंपनीत किंवा कन्सल्टन्सीत ट्रेनी म्हणून लागायचं आणि मग पगारातून पुढचे पेपर द्यायचे हाच रस्ता मला व्यवहारी वाटतो. घरी बसून सगळे पेपर संपवायची वाट बघू नका.

सरकारी. इथे माहितीच्या अभावी फार मुलं हुकतात म्हणून जरा सविस्तर. यूपीएससी दरवर्षी इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा घेते, वय २१ ते ३० (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय असला तरी चालतो. लेखी १००० मार्कांची, त्यात इंग्रजी आणि जनरल स्टडीज १००-१०० आणि स्टॅट्सचे चार पेपर २००-२००, वर २०० चा इंटरव्ह्यू. म्हणजे लेखीतले ८०० मार्क आपल्या विषयाचे! राज्यसेवेच्या गर्दीत इतिहास-भूगोल पाठ करणाऱ्या स्टॅट्सच्या मुलांनी हे एकदा शांतपणे बघावं. केंद्राच्या एसएससी सीजीएल परीक्षेत ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर हे पद आहे, त्याला बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला स्टॅटिस्टिक्स हा विषय लागतो आणि स्टॅट्सचा वेगळा पेपर असतो. रिझर्व्ह बँकेत डीएसआयएम म्हणजे सांख्यिकी आणि माहिती व्यवस्थापन विभागासाठी ग्रेड बी अधिकारी घेतात, तिथे मास्टर्स लागतं. आणि आपल्या राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय, जे दरवर्षी बजेटच्या आधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं, तिथे सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक अशा जागा निघतात. जाहिरातीतली वयाची आणि विषयाची अट स्वतः वाचा, कुणी सांगितलं म्हणून गृहीत धरू नका. आणि नोकरी करत तयारी की पूर्णवेळ तयारी, हे आधी ठरवून घरच्यांना एक तारीख सांगा. अशी तारीख नसली की वर्षं कशी जातात ते मी माझ्या दोन जवळच्या मैत्रिणींचं बघितलंय.

सर्व्हे आणि संशोधन. देवनारची आयआयपीएस, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम बघते, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, शिवाय आरोग्य-शिक्षणातल्या संस्था. प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा सहसा प्रोजेक्टपुरत्या असतात, पगार बेताचा, पण खरा कच्चा डेटा कसा असतो ते इथे जितकं कळतं तितकं कुठेच नाही.

यातलं एक दार मुख्य आणि एक जोडीला, बस. पाचही ठिकाणी अर्धी-अर्धी तयारी करू नका.

पायरी २: टूल्स, आणि कुठल्या क्रमाने

एसक्यूएल पहिलं, म्हणजे डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा. कॉलेजात आपल्याला आर शिकवतात, प्रॅक्टिकलला एक्सेल असतं, आणि एसक्यूएल बऱ्याच ठिकाणी सिलॅबसमध्ये नसतंच, आणि कंपनीत डेटा काढायचा म्हणजे पहिल्या दिवसापासून तेच लागतं. सिलेक्ट, ग्रुप बाय, जॉइन, व्हेअर आणि हॅविंगमधला फरक, मग विंडो फंक्शन्स. रोज दीड तास दिला तर सहा आठवड्यांत इंटरव्ह्यूपुरतं होतं. मी फ्रेशर्सना हमखास विचारते तो प्रश्न सांगते: ग्राहकांच्या टेबलमध्ये १००० ओळी आहेत, व्यवहारांच्या टेबलला लेफ्ट जॉइन केलं आणि ४३०० ओळी आल्या, का? एका ग्राहकाचे अनेक व्यवहार असतात म्हणून ओळी वाढल्या, एवढं सांगितलं तरी चांगलं, पण "मग आता ग्राहकांचं सरासरी वय काढलं तर ते चुकेल, कारण जास्त व्यवहार करणारा जास्त वेळा मोजला जाईल" असं जो स्वतःहून बोलतो तो स्टॅट्सचा विद्यार्थी हे लगेच कळतं. ही नजर तुमच्याकडे आहे, ती दिसू द्या.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, व्हीलूकअप किंवा एक्सलूकअप, सम-इफ्स, एवढं हाताला बसलेलं पाहिजे. मग पायथन किंवा आर, दोन्ही नको, एकच नीट. बँकांसाठी पायथन, क्लिनिकलसाठी सॅस आणि आर. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, आठवडाभर पुरे. डीप लर्निंगचा कोर्स या टप्प्यावर बाजूला ठेवा.

पायरी ३: एकच प्रोजेक्ट, पण स्वतःचा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेझ्युमेत टायटॅनिक, आयरिस आणि घरांच्या किमती हे सरावाच्या तयार डेटासेटवरचे तीन प्रोजेक्ट इतक्या जणांचे असतात की ते डोळ्यांना दिसेनासे होतात. त्यापेक्षा ज्या गोष्टीबद्दल तुमच्या घरात बोलणं होतं असा प्रश्न घ्या. कांद्याचं उदाहरण देते, संपूर्ण.

केंद्राच्या ॲगमार्कनेट या वेबसाइटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात, दर क्विंटलमागे असतात. लासलगाव निवडा. प्रश्न असा: डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तिच्यामुळे लासलगावचा भाव किती पडला?

पहिल्यांदा सगळे काय करतात, आधीच्या महिन्याची सरासरी आणि नंतरच्या महिन्याची सरासरी काढतात, टी टेस्ट लावतात, पी व्हॅल्यू बारीक येते, संपलं. इथेच थांबू नका, कारण निफाड-येवल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल की डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढली की भाव तसेही उतरतात. म्हणजे पडलेल्या भावातला काही भाग बंदीचा आणि काही नेहमीचा. मग आधीच्या पाच-सहा वर्षांचे तेच आठवडे घ्या, दरवर्षी नोव्हेंबर ते जानेवारी भाव किती टक्के उतरतो ते काढा आणि २०२३ चा उतार त्याच्याशेजारी ठेवा. पुढे अजून गुंता आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये आधीच ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं होतं, म्हणजे "बंदीच्या आधीचा काळ" हा काही स्वच्छ काळ नाहीच. हे लिहा. तुमच्या पद्धतीने काय सांगता येतं आणि काय येत नाही हे लिहिणं म्हणजेच आपलं शिक्षण.

डेटा साफ करतानाही तेच. काही दिवसांचे आकडे नसतील, ते सरसकट सरासरीने भरू नका, आधी विचारा की ते का नाहीत. रविवार, सणाची सुट्टी, लिलाव बंद पाडलेले दिवस, आणि लासलगावला तर कित्येक वर्षं अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद असायचे. बंदी लागल्यावर शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले असतील तर गायब दिवस नेमके भाव कोसळायच्या वेळचे आहेत, म्हणजे मिसिंग डेटा रँडम नाही. हे वाक्य इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही तुमच्या डेटावरून बोललात तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो, मी ठेवलेलं आहे. सर्वसाधारण दराला आवकेचं वजन द्यायचं का, लाल आणि उन्हाळ कांदा वेगळा करायचा का, प्रत्येक निर्णयाला एक ओळ कारण लिहा. शेवटी दोन पानांचा रिपोर्ट, तीन ग्राफ, कोड गिटहबवर. महिना लागतो. लागू द्या.

कांदा नको तर पाऊस घ्या, एसटीच्या फेऱ्या घ्या, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले जिल्ह्यांचे आकडे घ्या.

पायरी ४: रेझ्युमे

एक पान. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, खाली "आय हियरबाय डिक्लेअर", हे काही नको, आणि स्किलपुढे पाचपैकी चार तारे पण नकोत. वर डिग्री आणि मार्क, मग टूल्स, मग प्रोजेक्ट, मग डिझर्टेशन. "टाइम सिरीज ॲनालिसिस केलं" असं लिहू नका, "लासलगावच्या सहा वर्षांच्या रोजच्या दरांवरून निर्यातबंदीचा परिणाम हंगामी उतारापासून वेगळा केला" असं लिहा, इंग्रजीत अर्थातच. बारावीपर्यंत मराठी मीडियम होतं म्हणून कुणी नाकारत नाही, ते लपवायचं काहीच कारण नाही. जे येत नाही ते मात्र लिहू नका, रेझ्युमेवरच्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो.

पायरी ५: अर्ज आणि माणसं

नौकरी डॉट कॉम या वेबसाइटवर प्रोफाइल बनवा आणि दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी बदलून सेव्ह करा म्हणजे ते ताजं राहतं. लिंक्डइनवर दाराच्या नावाने सर्च लावा. दिवसाला पाच अर्ज, पण जाहिरात वाचून केलेले. कुठे, कधी, काय उत्तर याची एक शीट ठेवा, महिन्याने ती बघा, अर्ज जातात पण फोन येत नाही तर रेझ्युमे किंवा दार चुकतंय, फोन येतात पण पहिल्या राउंडला अडकताय तर एसक्यूएल कच्चं आहे.

सीनिअर्सना मेसेज करायला आपली मुलं फार संकोचतात. संकोचू नका, पण नुसतं "हाय मॅम, जॉब आहे का" असंही नको. असं लिहा: "नमस्कार ताई, मी आपल्याच डिपार्टमेंटची २०२५ बॅच. रिस्क ॲनालिटिक्समध्ये यायचंय. एसक्यूएल आणि पायथन येतं, कांद्याच्या दरावर केलेल्या प्रोजेक्टचा रिपोर्ट जोडलाय. तुमच्या टीममध्ये फ्रेशरला साधारण काय विचारतात, दहा मिनिटं बोलता येईल का?" अशा मेसेजला मी रात्री अकरालाही उत्तर दिलंय. रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाची शिफारस, आपोआप पुढे येतो.

आणि पैसे. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं सिक्युरिटी, नाव काहीही असो, नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की फोन ठेवा. माझ्या बॅचच्या एका मुलाचे वडिलांनी सोसायटीतून उचलून दिलेले पैसे असेच गेले, ते आठवलं की अजून राग येतो.

पायरी ६: इंटरव्ह्यू

आधी ॲप्टिट्यूड, मग एसक्यूएल, मग विषय. विषयात सूत्र विचारत नाहीत, अर्थ विचारतात. पी व्हॅल्यू म्हणजे काय हे स्टॅट्स न शिकलेल्या मॅनेजरला सांगा, टाइप वन आणि टाइप टू एररपैकी इथे कुठली महाग पडेल, दोन व्हेरिएबल एकमेकांशी घट्ट बांधलेली असतील तर रिग्रेशनच्या कोएफिशियंटचं काय होतं, असे.

बेज थिअरम तर येतोच. एखादा आजार १ टक्का लोकांना आहे, टेस्ट आजारी माणसाला ९० टक्के वेळा बरोबर पकडते आणि निरोगी माणसाला ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते, पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? सूत्र लिहायला घेऊ नका, माणसं मोजा. १०,००० लोक, त्यात आजारी १००, त्यातले ९० पकडले. निरोगी ९,९००, त्यातले ४९५ चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यात खरे ९०, म्हणजे साधारण १५ टक्के. मोठ्याने बोलत सोडवा, मधे चुकलात तर "थांबा, हे परत बघते" म्हणा, तेही चालतं.

इंग्रजीची भीती असेल तर मला उपयोगी पडलेला उपाय सांगते, आधी तुमचा प्रोजेक्ट आईला किंवा शेजारच्या काकूंना मराठीत समजावून सांगा, त्यांना कळेपर्यंत. मग तेच साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत फोनवर रेकॉर्ड करून ऐका. विचार स्पष्ट असला की व्याकरणाच्या चुका कुणी मोजत बसत नाही.

पायरी ७: ऑफर आली की

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. समजा सीटीसी ४,२०,००० आहे, म्हणजे महिन्याला ३५,०००. त्यात १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असेल तर ३,५०० बाजूला, ते वर्षाअखेर, आणि पूर्ण मिळेलच असं नाही. बेसिक निम्मं म्हणजे १७,५०० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ २,१०० आणि ग्रॅच्युइटीचे ८४२ हेही त्याच ३५,००० मध्ये मोजलेले असतात. उरले २८,५५८. त्यातून तुमचा पीएफ २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की साधारण २६,२५० हातात. पुण्या-मुंबईत खोलीचं डिपॉझिट पहिल्या पगाराच्या आधी द्यावं लागतं, त्याची सोय आधी करा.

बॉन्ड असेल तर किती महिने आणि सोडलं तर किती रक्कम हे लेखी बघा. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, पॅन, आधार लागतं आणि सगळ्या ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच हवं, आपल्याकडे वडिलांच्या नावाचं स्पेलिंग हमखास वेगळं निघतं, ते दुरुस्त करायला वेळ लागतो म्हणून आजच तपासा. आणि सरकारी परीक्षेची तयारी चालू ठेवणार असाल तर ऑफर लेटरमधला नोटीस पीरियड बघूनच सही करा, ३० दिवस आणि ९० दिवसांत निकाल लागल्यावर फार फरक पडतो, प्रोबेशनमध्ये तो सहसा कमी असतो, तोही आकडा एचआरकडून ईमेलवर घ्या.